गार बॉयलरची तपासणी

४ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा नोंदवही सुरू करतो आहे. तेहतीस वर्षं बॉयलर निरीक्षक म्हणून दुसऱ्यांच्या दाबाच्या नोंदी केल्या. निवृत्तीनंतर सहा वर्षं वहीला हात लावला नव्हता, कारण तपासायला काही उरलं नव्हतं. आता माझाच दाब तपासायचं निघालं आहे, तेव्हा नोंदी हव्यातच. डॉक्टरांवर माझा विश्वास आहे, पण विश्वास वेगळा आणि नोंद वेगळी.

हकीकत अशी, की गेले चार महिने जिना चढताना धाप लागते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. पूर्वी एका दमात वर येत असे. आता पहिल्या मजल्यावर बुटाची नाडी बांधतो आणि दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी वाचतो. बायकोच्या (पुढे नुसतं 'ही' लिहीन, तेच सवयीचं आहे) लक्षात आलं, कारण एक दिवस मी चपला घालून गेलो होतो आणि तरीही नाडी बांधायला वाकलो.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई आमच्या ठमीहून लहान असतील. ठमी म्हणजे आमची मुलगी. खरं नाव वेगळं आहे, पण स्वभावाला हेच शोभतं. बाईंनी चित्र काढून समजावलं. हृदयाकडून फुप्फुसांत जाणाऱ्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब वाढला आहे, एवढं सोनोग्राफीत दिसतं. का वाढला, ते बाहेरून नक्की कळत नाही.

"एक तर फुप्फुसातल्या नळ्याच अरुंद झाल्यात," त्या म्हणाल्या, "नाहीतर नळ्या धड आहेत, पण पुढचा पंप, म्हणजे हृदयाची डावी बाजू, आखडलीय. ती नीट सैल पडत नाही, म्हणून मागे रक्त तुंबतं."

"म्हणजे लाइन खराब की पंप, एवढाच प्रश्न," मी म्हणालो.

"अगदी! आणि दोन्हींचं औषध वेगळं आहे, काका. नळ्या रुंद करायचं औषध मी आखडलेल्या पंपाला दिलं, तर रक्त जोरात पुढे येईल आणि फुप्फुसात पाणी भरेल. जिवावर बेतू शकतं. म्हणून अंदाजाने द्यायचं नाही, आत जाऊन मोजायचं."

आत जायचं ते मानेतल्या शिरेतून. एक बारीक लांब नळी, तिच्या टोकाला वाटाण्याएवढा फुगा. रक्ताबरोबर वाहत ती हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसात जाते. तिथे फुगा फुगवून एका वाहिनीत अडकवला, की मागचा दाब बंद होतो आणि टोकाला पुढचा, म्हणजे डाव्या बाजूचा दाब कळतो. हा आकडा पंधराच्या आत असला तर पंप ठीक. मला हे फार आवडलं. व्हॉल्व्ह बंद करून पलीकडचा दाब बघायचा, हे मी जन्मभर केलेलं आहे.

मग मीही त्यांना एक गोष्ट सांगितली. कापड रंगवायच्या एका कारखान्यात तपासणीच्या दिवशी पहाटेच आग मंद करून ठेवली होती. दाबमापकाचा काटा कसा गरीब गाईसारखा. मी म्हटलं, "गार बॉयलरवर मी सही करत नाही. घाला कोळसा, चालवा सगळी यंत्रं, मग बघू." अर्ध्या तासात सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्ट्या मारायला लागला आणि मालक घाम पुसायला. बाई इतक्या हसल्या की त्यांनी चष्मा काढून ठेवला. "हे मी लक्षात ठेवीन, काका," म्हणाल्या. चांगली मुलगी आहे. आजकाल म्हाताऱ्यांचं ऐकतं कोण?

तपासणी १९ तारखेला. तोवर शरीरातलं पाणी उतरवायची गोळी रोज सकाळी एक, दिवसाला दीड लिटर पाणी, मीठ कमी. कोटाच्या खिशातले खारे शेंगदाणे हिने दवाखान्यातच काढून घेतले. खिशात आहेत हे तिला कसं कळलं, ते विचारायचं राहिलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

ठमीचा फोन. तिने कुठेतरी वाचलं आहे. "बाबा, पंपाचा दोष निघाला तर त्याला हार्ट फेल्युअर म्हणतात. पण घाबरू नका हं, त्याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नसतो."

मी म्हटलं, मी कशाला घाबरतो! फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

फेल्युअर म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. मी स्वतः एक्केचाळीस बॉयलरांवर लाल रंगाने 'निकामी' असं लिहवून घेतलं आहे. त्यानंतर त्यांचं काय होतं, तेही पाहिलं आहे. आवारात मागच्या बाजूला ढकलतात आणि एक दिवस गॅसची ज्योत घेऊन तोडायला माणसं येतात. लाइन खराब निघाली तर माझी हरकत नाही. लाइन सगळ्यांचीच खराब होते, त्यात कमीपणा नाही. पण पंप नको.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

विचार करून तयारीला लागलो. परीक्षेआधी अभ्यास करतात, तशी ही तयारी. गोळीने पाणी उतरतं आणि पाणी उतरलं की दाब उतरतो, हे तर उघड आहे. मग एकीच्या जागी दोन घेतल्या, तर दुप्पट फायदा. आणि पाणी दीड लिटरऐवजी अर्धा लिटर. ही तासातासाला पेला भरून आणते आणि समोर ठेवून जाते. गॅलरीतली कुंडी हाताशी आहे.

यात फसवाफसवी काही नाही. मी फक्त आकड्याला मदत करतो आहे.

वही माझ्या जुन्या तपासणीच्या फायलीत, दोरी बांधून, कपाटाच्या खालच्या खणात ठेवतो. कोऱ्या प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यात कोण बघणार?

१० नोव्हेंबर, रविवार

पायांची सूज गेली. वजन दोन किलो कमी. जिना जरा बरा चढलो, फक्त एकदाच नाडी बांधली. घसा मात्र सारखा कोरडा पडतो, जीभ टाळूला चिकटते. हे कोणाला सांगण्यासारखं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज चहाच्या बशीत लिंबाची फोड आणि दोन पेपरमिंटच्या गोळ्या. "हे काय?" म्हटलं, तर "चघळा, सहज" म्हणाली. अडतीस वर्षांच्या संसारात बायको मनकवडी होते म्हणतात, ते खरं असावं.

कुंडीतलं झाड पिवळं पडायला लागलं आहे. ही त्याच्यापाशी उभी राहून म्हणत होती, "अगं बाई, तू तरी आता पुरे म्हण! किती पिशील?" एकटी असली की झाडांशी बोलते. वय झालं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी तोंड धुताना डोळ्यांपुढे अंधारी आली. बेसिन धरलं म्हणून पडलो नाही. दोन मिनिटं कपाळ आरशाला टेकवून उभा होतो. ही स्वयंपाकघरात होती, तिला काही कळलं नाही. आवाज न करता चक्कर येणं हीही एक कलाच आहे.

दुपारी दवाखान्यातून एका मुलीचा फोन आला. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडाचा कुठलासा आकडा जरा वर आहे. "काका, पाणी पिता ना नीट?" मी म्हटलं, "या घरात पाणी भरपूर प्यायलं जातं." हे अक्षरशः खरं आहे. कोण पितं, ते तिने विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बेसिनपाशी एक खुर्ची येऊन बसली आहे. ही म्हणाली, "मला उभ्याने केस विंचरवत नाहीत हल्ली." बरं झालं, मलाही उपयोग होईल.

एक नोंद : फायलीच्या दोरीची गाठ आज उलटी बांधलेली दिसली. माझी गाठ नेहमी उजवीकडे असते. घाईत मीच चुकलो असणार. तरी खबरदारी म्हणून वही कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात हलवली. तिथे हिचा हात पोचत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

स्वयंपाकघरातलं स्टूल कपाटापाशी आलं आहे. जळमटं काढायची होती म्हणे. उतरताना दोन्ही हातांनी गुडघे धरून "आई गं" म्हणाली. या वयात जळमटांचा एवढा सोस कशाला, मला कळत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

बाईंनी तपासणीआधी एकदा बोलावलं होतं. सुट्टीचा दिवस असूनही आल्या. त्यांनी बोलावलं असं ही म्हणते, माझ्याशी तर कोणी बोललं नव्हतं.

आधी ही एकटीच आत गेली. तिला तिच्या पित्ताचं विचारायचं होतं. मी बाहेर बाकावर बसलो. समोर हृदयाचं मोठं रंगीत चित्र होतं, अर्धं निळं, अर्धं लाल. लाल बाजूकडे मी फारसं पाहिलं नाही. आतून पंधरा मिनिटं बोलणं ऐकू येत होतं आणि मध्ये एकदा दोघी हसल्या. पित्तात हसण्यासारखं काय असतं कोण जाणे. बाहेर आली तेव्हा मात्र हिचे डोळे लाल होते.

मग मला आत घेतलं. बाईंनी मला झोपवून, मग उभं करून रक्तदाब घेतला, जीभ पाहिली.

"काका, गोळी एकच चाललीय ना?"

"एकच," मी म्हणालो.

"आणि पाणी?"

"दीड लिटर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारखान्याच्या मालकांकडे मी ज्या नजरेने पाहत असे, ती नजर ओळखीची वाटली. मग म्हणाल्या, "आजपासून गोळ्या काकूंच्या ताब्यात. पाणी काकू समोर बसून पाजतील. उद्या रक्त परत तपासू, ते ठीक आलं तरच परवा करायचं. आणि मला काही सांगायचं असलं, तर केव्हाही सांगा हं."

मला काही सांगायचं नव्हतं.

संध्याकाळपासून ही पेला घेऊन समोर बसते आहे. माझा घोट गळ्याखाली उतरेपर्यंत हलत नाही. दहा दिवसांची तयारी पाण्यात गेली म्हणायची. पण अजून पायांवर सूज नाही, म्हणजे आशा आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

रक्त ठीक आलं. उद्या सकाळी साडेआठला. उपाशीपोटी.

ठमी आली आहे. आल्याआल्या माझी दाढी करून झाली का, कोणते कपडे घालणार, नखं कापली का, सगळं विचारून झालं. मग माझ्या शेजारी बसून उगीचच माझा हात धरून ठेवला. दूरचित्रवाणीवर मासे पकडण्याचा कार्यक्रम चालू होता. आम्हा दोघांनाही माशांत रस नाही, पण तो आम्ही शेवटपर्यंत पाहिला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

घरी आलो. मानेला पट्टी आहे. आजची नोंद पूर्ण लिहिणार, कारण अर्धी नोंद म्हणजे खोटी नोंद, असं मीच नवीन निरीक्षकांना शिकवत असे.

खोली गार होती. सगळ्यांच्या अंगावर शिशाचे जड झगे. मी जागाच होतो, मानेपुरती भूल दिली होती. नळी आत जाताना दुखलं नाही, फक्त छातीत एकदोनदा ठोका चुकल्यासारखा झाला. पडदा माझ्या डोळ्यांसमोर होता. हृदयाच्या एकेका कप्प्यातून नळी पुढे जाते तशी रेघ बदलते. आधी बुटकी लाट, मग उंच सुळका, मग मधली. मी सगळं पाहत होतो. इतकं सुंदर मापन मी आयुष्यात पाहिलं नाही.

फुगा फुगवला आणि आकडा आला : वीस.

वीस म्हणजे पंप. पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. दाब घेणारी डबी बाजूच्या खांबावर, छातीच्या मध्याच्या पातळीला लावून तंत्रज्ञ मुलीने शून्य घेतलं होतं. त्यानंतर बाईंना वाकावं लागत होतं म्हणून टेबल वर घेतलं. मी वर गेलो, डबी मात्र खालीच राहिली.

"शून्य चुकलंय," मी म्हणालो.

"काका, बोलू नका," तंत्रज्ञ मुलगी म्हणाली.

"टेबल शून्यानंतर चार इंच उचललंत तुम्ही. मापक खाली राहिलं की आकडा जास्त येणारच."

सगळे थांबले. बाईंनी डबीकडे पाहिलं, माझ्या छातीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काकांचं बरोबर आहे. पातळी लावा, शून्य परत घ्या." मुलगी लाजली. मी तिला म्हटलं, "असू दे गं, आमच्याकडे तर मोठमोठे इंजिनियर विसरायचे."

पुन्हा मोजलं. तेरा!

पंधराच्या आत. पंप ठीक! टेबलावर पडल्यापडल्या मला वाटलं, आता उठावं आणि जिन्यावरून धावत वर जावं. प्रामाणिक मापकाने मला पास केलं होतं आणि ते प्रामाणिक केलं होतं मीच.

बाई मात्र नळी काढेनात. माझ्या चेहऱ्याजवळ वाकल्या. तोंडावर मास्क होता, पण डोळे हसत होते.

"काका, गार बॉयलरवर मी सही करत नाही."

माझी नजर पडद्यावरच्या तेराकडे गेली.

"अर्धा लिटर सलाइन भराभर सोडतेय. निरोगी हृदय एवढं सहज पेलतं. त्रास झाला तर लगेच सांगा, तिथेच थांबवू. घाला कोळसा," त्या मुलीला म्हणाल्या.

पाणी आत जायला लागलं आणि मी पडद्याकडे पाहत राहिलो. डोळे मिटायला हवे होते, पण निरीक्षकाला काट्यावरून नजर काढता येत नाही. तेरा. पंधरा. एकोणीस. छातीवर कोणीतरी हात ठेवल्यासारखं जड वाटलं. बावीस. चोवीस. माझं पितळ माझ्याच डोळ्यांदेखत उघडं पडलं.

सलाइन थांबवलं, वर बसवलं, पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने श्वास मोकळा झाला. बाई माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या.

"तेरावर सही केली असती ना काका, तर मी तुम्हाला आज नळ्यांचं औषध सुरू केलं असतं. आठवड्याभरात घरी तुमच्या फुप्फुसात पाणी भरलं असतं. तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायला काकू एकट्या."

मी म्हणालो, "कसं ओळखलंत?"

"पद्धत तर तुम्हीच शिकवलीत पहिल्या दिवशी," त्या म्हणाल्या आणि उगीचच हातातल्या पॅडवरचे कागद नीट करायला लागल्या. हुशार मुलगी. जिभेवरून ओळखलं असावं.

मग मी विचारलं, "निकामी?"

"कोण म्हणालं? आखडलंय. तुमच्या खात्यात बॉयलर जुना झाला की सगळे मोडीतच काढायचात का?"

सगळे नाही. कितीतरी बॉयलरांवर मी 'कमी दाबावर चालवण्यास योग्य' असा शेरा दिला आहे. त्यांतले काही अजून चालू आहेत. मला ते आज कोणी आठवण करून देईपर्यंत आठवलं नव्हतं.

"तेच लिहितेय मी," बाई म्हणाल्या. "एकच गोळी, रक्तदाबाचं औषध, एक नवीन गोळी, मीठ कमी, रोज वजन. आणि माझ्याशी खरं बोलायचं."

२० नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर पडून होतो. ही रागावली नाही. ठमी रागावली, ते मला सोपं गेलं.

जे लिहायचं टाळत होतो, ते लिहितो. मी घाबरलो होतो. त्या लाल अक्षरांना घाबरलो होतो. मागच्या आवारात ढकलतील, असं वाटलं. म्हणून दहा दिवस मी हिच्याशी रोज खोटं बोललो. तिने भरून आणलेला प्रत्येक पेला तिच्या पाठीमागे ओतला. त्या दिवशी बेसिनपाशी पडलो असतो, तर तिनेच मला उचललं असतं, आणि तिला तर धड खाली बसवतही नाही. चोवीस आकडा दिसला तेव्हा मला आधी मरणाची नाही, तिची आठवण झाली. ती बाहेर बाकावर माझा वाचायचा चष्मा हातात धरून बसली होती.

तिची माफी मागायला हवी. पण तोंडाने जमेलसं वाटत नाही. तेहतीस वर्षं लोक माझ्यासमोर माफी मागत आले, मला सराव नाही. इथे लिहून ठेवतो : चुकलो. कळेल तेव्हा कळेल तिला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी हिने चहा दिला. पाण्याचा पेला दिला. पेल्याला ठमीच्या नेलपॉलिशने खुणा करून ठेवल्या आहेत. पेला माझ्या हातात देताना म्हणाली, "बरं, केलं माफ. प्या आता."

"कशाबद्दल माफ?"

"सहज," ती म्हणाली आणि कुंडीतली पिवळी पानं खुडायला गॅलरीत गेली. झाड जगेल म्हणते. मुळं शाबूत आहेत.

मी पेला हातात घेऊन बसून राहिलो. स्टूल कपाटापाशीच होतं. वरच्या खणात धुळीचा थर आहे, जळमटंही जशीच्या तशी आहेत. फक्त वहीच्या समोर धूळ नाही, तिथे हाताने पुसल्यासारखा पट्टा आहे. लिंबाची फोड, पेपरमिंट, बेसिनपाशी खुर्ची, उलटी गाठ, पित्त. तुटलेलं सील दहा फुटांवरून ओळखणारा माणूस मी, मला हे कळायला दहा दिवस लागले.

पाणी खुणेपर्यंत प्यायलो. स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, मध्ये एकदा थांबलो, नाडी बांधायचं नाटक न करता.

वही आजपासून पुन्हा खालच्या खणात ठेवतो आहे. गाठ कशीही बांधली तरी चालेल. मात्र स्टुलावर चढू नये. गुडघे दुखतात.